थांबलेली पेरणी

मंगळवेढे
चैत्र वद्य ३, शके १८५३

सौ. शरणम्मा हीस,

नवऱ्याने बायकोला पत्र लिहिताना वर आशीर्वाद लिहायचा असतो. मी दोनदा लिहिला आणि दोनदा खोडला. ज्याच्या घरातून तू निघून गेलीस त्याचा आशीर्वाद घेऊन तू करणार काय? म्हणून ती जागा कोरी सोडली आहे.

हे पत्र तुझे भाऊ, अण्णा, आधी वाचणार हे मला ठाऊक आहे. दुकानात आलेला प्रत्येक कागद ते गिऱ्हाइकांसमोर खणखणीत आवाजात वाचतात. तेव्हा ईश्वरप्पा, तुम्हांलाही हात जोडून शरणार्थी. पुढचं जरा हळू वाचा.

तू जाऊन सव्वा महिना झाला. इकडे सगळं ठीक आहे. ढवळी गाय आटली. परसातली शेवग्याची फांदी वाऱ्याने मोडली, ती तू काढून टाका म्हणून दोन वर्षं सांगत होतीस. खळं उरकलं आणि जोंधळा पेवात उतरवला. पेवाच्या तोंडावर दगड बसवून मातीने लिंपून घेतलं. असा टपोरा दाणा दहा वर्षांत झाला नाही असं सगळं गाव म्हणतंय. मी ऐकून घेतो.

सध्या मी बाजरीची भाकरी खातो. पोटाला बरी पडते. कोंडीबाची बायको बजाबाई सकाळी थापून त्याच्याबरोबर पाठवते. कोंडीबा पंधरा वर्षं आपल्या औतामागे चालतोय, पण इतक्या वर्षांत बोलला नसेल तेवढं आता बोलतो. घर गप्प आहे हे त्याला सोसत नसावं.

रान उलायला लागलं आहे. ओढ्याकडच्या पट्टीत भेगा पडल्या. चन्नीच्या जागेवर अजून नाही. मी रोज जाऊन बघून येतो.

तू आलीस तर बरं होईल असं मी लिहिणार नव्हतो. लिहून झालं, आता खोडत नाही.

रुद्रप्पा

---

वैशाख शुद्ध १२

शरणम्मा,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. डाकवाला हल्ली मला बघून लांबूनच हात हलवतो, म्हणजे मला वाट वाकडी करायला नको. भला माणूस आहे, पण मला त्याचा राग येतो.

ऊन फार आहे. रानात बघवत नाही. सगळी काळी जमीन तडकली आहे, आणि भेगा एवढ्या की माझा हात खांद्यापर्यंत आत जातो. तुला आठवतं का, चन्नी ह्या दिवसांत घरात ठरत नसे. ओच्यात चिंचोके घेऊन पालथी पडायची आणि एकेक भेगेत सोडून कान लावायची. "आप्पा, खाली कोन ऱ्हातंय?" म्हणून विचारायची. मी म्हणायचो, पाऊस राहतो. तो उन्हाळ्यात खाली निजतो. तिला ते खरं वाटायचं. तू मला ओरडायचीस, पोरीला काही सांगू नका, ती रात्री भेगांना हाका मारत उठते.

एक गोष्ट सांगायची नव्हती, पण सांगतो. परवा सकाळी गेलो तर तिच्या जागेवरून भेग गेली होती. लिंबाखाली, आपण तिला खड्ड्यात मांडी घालून बसवलं आणि माती लोटली, बरोबर तिथे. उत्तरेकडून आली आणि मधोमध गेली. शरणम्मा, मी साप बघून कधी मागे सरलो नाही. तिथे मात्र मागे सरलो.

मी टोपलीने माती आणून भेग बुजवली. पायाने चेचली. दुसऱ्या दिवशी शेजारी दुसरी पडली, तीही बुजवली. आता रोज जातो. माती टाकायची, दोन घागरी पाणी ओतायचं, शेण-मातीने लिंपायचं. ती जागा तुझ्या अंगणासारखी गुळगुळीत झाली आहे.

काल कोंडीबा मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "अप्पा, उन्हाळ्यात कुनी भेगा बुजवत्यात व्हय?"

मी म्हणालो, "हिवाळ्यात तर तीन-तीनदा कोळपून बुजवतोच की!"

"हिवाळ्यात पीक हुबं असतंय. आतली वल उडून जाऊ नये म्हनून बुजवायची. आता आत वल हाय कुटं? आता उगडं ठिवायचं. पाऊस आला की तितनंच खाली जातुय. तुमी काय जाणत न्हाई व्हय हे?"

मी त्याला म्हणालो, तुझं शहाणपण तुझ्या घरी ठेव. तो गेला. भाकरी मात्र ठेवून गेला.

रुद्रप्पा

---

ज्येष्ठ वद्य ५

शरणम्मा,

ईश्वरप्पांचं कार्ड मिळालं. अक्षर सुरेख आहे. मजकूरही स्पष्ट आहे. दसऱ्यापर्यंत सोडचिठ्ठी लिहून द्यावी, न दिल्यास पंचांत बसवू. आळंदचा कोणी विधुर आहे, घरचं चांगलं आहे, कापडाचं दुकान आहे, त्याच्याशी तुझा पाट लावायचा विचार चालू आहे.

कापडाचं दुकान चांगलंच. कापडाला भेगा पडत नाहीत.

हे लिहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. पण खोडणार नाही असं मागेच म्हणालो आहे.

मला एवढंच कळू दे, हे तू म्हणालीस की तेच म्हणाले? कार्डावर तुझा एक शब्द नाही. तू तिथे त्या वेळी बसली होतीस का? मान हलवलीस का? ईश्वरप्पा, तुम्ही हे वाचत असाल तर तिला विचारू नका. तिची मान काय सांगते ते तुम्हांला कळत नाही. मला बारा वर्षांनी कुठे थोडंफार कळायला लागलं होतं.

बैलांना बरं आहे. पाऊस अजून नाही.

रुद्रप्पा

---

अधिक आषाढ वद्य १

शरणम्मा,

यंदा आषाढ दोन आले. लोक ह्या महिन्यात जावयाला बोलावून अनारसे घालतात. मी तुझ्या माहेरी येऊन दारात उभा राहिलो तर ईश्वरप्पा काय घालतील ह्याचा विचार करून मला एकट्याला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी हसलो, म्हणून तुला कळवतो.

वर्षात एक महिना जास्तीचा, आणि तो नेमका ह्याच वर्षी. कोणी मला विचारलं असतं तर नको म्हणालो असतो.

मी तुला खोटं लिहिलं होतं. बाजरी पोटाला बरी पडत नाही. चैत्र-वैशाखात बाजरी खाणारा माणूस आख्ख्या तालुक्यात मी एकटाच असेन. तोंड आलं, अंगावर उष्णतेचे फोड उठले. तू वाचलंस तेव्हाच "अय्यो" म्हणाली असशील आणि ओळखलं असशील. तू खळ्यावर पहिल्या भाकरीचं ताट पुढे लोटलंस आणि म्हणालीस, "ह्या जोंधळ्याची भाकर मी खानार न्हाई, री. ह्यो जोंधळा माझ्या लेकीवर वाढलाय." आणि उठून गाडीत बसलीस. त्यानंतर तो दाणा माझ्याही घशाखाली उतरत नाही. पेव लिंपल्यापासून उघडलेलं नाही. गाव म्हणतं, रुद्रप्पा चिकट झाला, धान्य दाबून बसला. म्हणू दे.

संध्याकाळी दिवा लावतो आणि ओट्यावर बसतो. तू असताना आपण काही फार बोलत होतो असं नाही. तू तांदूळ निवडायचीस, मी दोर वळायचो. आता दोर वळतो, पण टोक धरायला कोणी नाही. खांबाला बांधतो.

कानडीतलं ते री म्हणून मला हाक मारणारं ह्या गावात आता कोणी नाही. एवढंच लिहायचं होतं.

रुद्रप्पा

---

श्रावण वद्य ९

शरणम्मा,

हे पत्र ईश्वरप्पांनी मोठ्याने वाचलं तरी चालेल. गिऱ्हाइकांनी ऐकलं तरी चालेल.

चार दिवस झड लागली होती. काल उघडीप झाली तसा रानात गेलो. आपल्या रानाने एवढं पाणी कुठे घातलं कोण जाणे. बांधाबाहेर एक ओहोळ गेला नाही. भेगांनी सगळं आत ओढून घेतलं. अजून कुठे कुठे गुडगुड आवाज येत होता. चन्नी असती तर पालथी पडून ऐकत बसली असती.

मग लिंबाखाली गेलो. तिथे पाणी वीतभर साचलेलं. मी चेचून, लिंपून ठेवलेल्या जागेवर हिरवं पाणी, त्यात लिंबाचा पाला कुजलेला. शेजारी गवत उगवलंय, तिथे एक काडी नाही. मी खुरप्याने कडेला उकरलं. चार बोटं चिखल होता. त्याच्याखाली माती ठणठणीत कोरडी. वैशाखातली होती तशीच.

चार दिवस धो धो पाऊस पडला आणि माझ्या लेकीपर्यंत एक थेंब पोचला नाही. मी पोचू दिला नाही.

शरणम्मा, मला आता ते दोन दिवस लिहायचे आहेत. मी आजवर कोणापाशी बोललो नाही आणि तूही कोणाला सांगितलं नसशील, नाहीतर ईश्वरप्पांनी दसऱ्यापर्यंत मुदत दिली नसती. ते काठी घेऊन आले असते.

मार्गशीर्षात तू चन्नीला खांद्यावर घेऊन बांधावर आलीस. म्हणालीस, "री, पोरीचा गळा सुजलाय. पाणी गिळत न्हाई. गाडी जोडा, सोलापूरला दवाखान्यात नेऊ." मी औत थांबवलं नाही. चालता चालता म्हणालो, "दोन दिस थांब. तिसरी कोळपणी उरकू दे. रान उलाय लागलंय, वल गेली तर साल जाईल. तोवर काढा दे." तू थोडा वेळ उभी राहिलीस. चन्नीने माझ्याकडे हात केला होता. मला वाटलं, गाडीत बसायला मिळणार म्हणून खूश आहे.

तिसऱ्या दिवशी मी गाडी जोडली. भीमेच्या वाळूत बैल ओढत होते आणि तू मागून म्हणालीस, "साकु, पुरे. आता नका हाकू." मी तरी हाकत राहिलो. पलीकडच्या काठाला जाऊन मग मागे वळून बघितलं.

दोन दिवस आधी निघालो असतो तर ती वाचली असती का, हे मला कोणी सांगितलेलं नाही. मी कोणाला विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.

आणि चौथ्या दिवशी मी पुन्हा कोळपं घेऊन रानात गेलो. तू दारातून बघत होतीस. तुला वाटलं, ह्या माणसाला अजून जोंधळ्याचीच पडली आहे. तसं नव्हतं, पण तसं नव्हतं हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं. हातांना दुसरं काही येत नव्हतं. भेग दिसली की बुजवायची, एवढंच बापाने शिकवलेलं. मी रान बुजवलं, तिची जागा बुजवली, स्वतःला तर वरून खालपर्यंत लिंपून घेतलं. लोक म्हणाले, रुद्रप्पा खंबीर आहे. कोंडीबाने वैशाखात सांगितलं ते साधं होतं. बुजवायचे दिवस वेगळे आणि उघडं ठेवायचे दिवस वेगळे. मी जन्मभर ह्या मातीत वावरलो आणि ऐन वेळी चुकलो.

आज पहार घेऊन गेलो आणि ते लिंपण फोडलं. पाणी एकदम आत गेलं. आवाज झाला. मग मी खाली बसलो आणि नऊ महिन्यांत आलं नव्हतं ते रडू आलं. गुरासारखा ओरडलो असेन. कोंडीबा बांधावर होता. तो पाठ फिरवून उभा राहिला आणि मी उठेपर्यंत तसाच उभा राहिला.

तुझ्याजवळ रडायला हवं होतं. तू वाट बघत होतीस, नाही का? तू तीन महिने थांबलीस, खळं होईपर्यंत.

रुद्रप्पा

---

भाद्रपद शुद्ध १२

शरणम्मा,

हे पत्र मथुराबाई कासारणीबरोबर पाठवतो आहे. ती अक्कलकोटला मठात चालली आहे. बांगड्या भरायच्या निमित्ताने ती तुझ्याच हातात देईल. ईश्वरप्पांवर राग नाही. भावाने जे करावं तेच ते करतायत.

बरोबर दोन वस्तू आहेत. एक सोडचिठ्ठी. मी सही केली आहे, कोंडीबाचा अंगठा साक्षीला आहे. त्याने अंगठा लावला आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाही. दसऱ्याच्या भीतीने मी ती लिहिलेली नाही. तू अडकून राहू नयेस म्हणून लिहिली. आळंदच्या माणसाबद्दल मी वाईट बोललो, ते मागे घेतो. तो दुकानात बसणारा आहे. पोर आजारी पडलं तर दुकान बंद करून निघेल.

दुसरी वस्तू पुडीत आहे. ओंजळभर बियाणं. त्याच जोंधळ्याचं. खळ्याआधी मी चांगली कणसं निवडून आढ्याला टांगली होती, ती काल उतरवली. दुसरं बियाणं घरात नाही. कोणाकडून मागून आणता आलं असतं, पण आणलं नाही.

उत्तरा नक्षत्राचा पाऊस भरपूर झाला. पुनवेपर्यंत वाफसा येईल. माती मुठीत धरली की गोळा व्हावी आणि सोडली की फुटावी, तशी होईल. पेरणीचं तुला काय सांगू? बारा वर्षं मी पुढे बैल हाकले आणि तू मागून पाभरीच्या चाड्यावर मूठ धरून बी सोडलंस. मी कधी मागे वळून बघितलं नाही. दाणा पडतोय की नाही, पातळ पडतोय की दाट, हे बघायची गरजच पडली नाही. बजाबाई म्हणते, मी धरते मूठ. मी नको म्हणालो.

तू आलीस तर पेरू. चिठ्ठी ठेवून घेतलीस तर मुकाट्याने बियाणं परत पाठव, मला समजेल. बोलायला लागणार नाही.

मी थांबतो. किती दिवस ते लिहीत नाही.

रुद्रप्पा

---

भाद्रपद वद्य ४

शरणम्मा,

मथुराबाई परत आली. म्हणाली, दिलं हातात. तू काय म्हणालीस विचारलं, तर म्हणाली, "काई न्हाई म्हनल्या. बांगड्या तेवड्या हिरव्या भरल्या." हिरव्या कोणासाठी, हे मी तिला विचारलं नाही. रस्त्यात उभं राहून असं विचारतात का?

शिवारात सगळ्यांच्या पाभरी चालल्या आहेत. आपलं रान मोकळं आहे. पाभर ओट्यावर धुऊन ठेवली आहे.

ही चिठ्ठी डाकेत टाकणार नाही. टाकली तर तुला घाई केल्यासारखं होईल.

---

भाद्रपद वद्य ८

कोंडीबा आज भांडला. "अप्पा, वाफसा चाललाय. वरली माती पांढरी पडली. आजून दोन दिस थांबलात तर बी कोरड्यात पडंल. साल जाईल की!"

त्याचे शब्द माझेच होते. त्याला ते ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, जाऊ दे.

"मानूस यायचं असतं तर आलं असतं, अप्पा."

मी म्हणालो, "मागं एकदा मी म्हटलं, कोळपणी होऊ दे, मग निघू. ह्या बारीला पेरणी थांबंल."

 तो उठला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला.

चारी बाजूंच्या रानात मोड वर आले आहेत. मधे आपलं काळं. येणारे-जाणारे थांबून बघतात. संध्याकाळी मी वेशीपर्यंत जाऊन येतो. सोलापूरच्या बाजूने मोटार येते ती नदीपलीकडेच थांबते आणि माणसं नावेने अलीकडे येतात. आज चारजण आले. सगळे परके.

पुढचं काही सुचत नाही. शरणम्मा, मला तुझी फार आठवण येते.

---

मंगळवेढे
भाद्रपद अमावास्या

तीर्थस्वरूप अण्णांस,

मी न सांगता निघाले म्हणून तुम्ही रागावला असाल. वहिनीला सांगितलं होतं. तिला बोलू नका. मी वाट चुकले नाही, सुखरूप पोचले, हे कळावं म्हणून लिहिते आहे. अक्षर वाईट आहे, तिसरीनंतर हातात टाक धरला नाही.

भीमा भरलेली होती. नावेत बसले तेव्हा आधी डोळे मिटून घेतले. मग उघडले. जिथे ती गेली ती वाळू पाण्याखाली होती, काही दिसलं नाही. नावाडी म्हणाला, "बाई, कुनाकडं निगालाव?" मी पलीकडच्या काठाकडे बोट केलं.

वेशीतून मी घरी न जाता आधी रानात गेले. अण्णा, सगळ्यांचं रान हिरवं झालं होतं, बोटाएवढा जोंधळा वर आला होता. आमचंच काळं. मला वाटलं, हे आजारी पडले. का आणखी काही झालं. मी पळत गेले. हे लिंबाखाली बसले होते. वाळून काडी झालेत. मला बघून उठले, पण पुढे आले नाहीत.

मी विचारलं, "पेरणी का न्हाई केली, री?"

म्हणाले, "तुझ्यासाठी थांबलो."

"वाफसा कधी आला होता?"

"पुनवंला."

"किती दिस झाले?"

"धा."

मी म्हणाले, "दोन पुरले असते."

 त्यांनी मान खाली घातली. मला ते बोलायचं नव्हतं असं नाही. अक्कलकोटपासून तेच शब्द घेऊन आले होते. पण बोलल्यावर मला उभं राहवेना. आम्ही दोघं तिच्या जागेपाशी बसलो. तिथे आता गवत उगवलं आहे. खूप वेळ बसलो. हे रडले. लग्नाला बारा वर्षं झाली, ह्यांना रडताना मी कधी बघितलं नव्हतं. चन्नी गेली तेव्हाही नाही. त्या वेळी मी एकटीने किती रडायचं म्हणून माझंही आटलं होतं. त्या दिवशी दोघांचं झालं.

मी त्यांना माफ केलं असं समजू नका. करीन की नाही मला ठाऊक नाही. तुम्ही पाटाचं बघितलंत ते माझ्या काळजीपोटीच. पण आळंदच्या घरी चन्नीचं नाव कोणापाशी काढू? तिला ओळखणारं माणूस जगात हे एकच आहे.

दुसऱ्या दिवशी पेरलं. वरची माती सुकलेली, म्हणून कोंडीबाने पाभर खोल घातली. चाडं सैल झालं होतं, दर ओळीला हलायचं. कमरेला त्यांनी पाठवलेली सोडचिठ्ठी होती, ती चार घड्या करून फटीत कोंबली. घट्ट बसलं. ह्यांनी मागे वळून बघितलं. पहिल्या मुठीला माझा हात उघडेना. तोच जोंधळा होता. बैल पुढे गेले, चार पावलं रिकामी गेली. मग दाणा पडायला लागला. ती चार पावलांची जागा उगवून आल्यावर रिकामी दिसेल. मी ह्यांना तिथे पुन्हा हाताने दाणे टोबू दिले नाहीत.

कोंडीबा म्हणतो, निम्मं पीक आलं तरी खूप. येईल तेवढं येईल.

पेव उघडलं. उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नाही, आतली हवा वाईट असते. दिवसभर तोंड उघडं ठेवलं, कंदील सोडून बघितला, तो विझला नाही, तेव्हा कोंडीबा उतरला. मी दळलं आणि भाकरी केली. पहिली लिंबाखाली ठेवली. दुसरी आम्ही दोघांनी अर्धी अर्धी खाल्ली.

जोंधळा गोड आहे, अण्णा. एवढा गोड आहे की त्याचंच फार वाईट वाटतं.

शरणम्मा